चौकाचा गोफ आणि माझी अक्का

लातूर-नांदेडच्या गोफ स्पर्धांचा इतिहास अजून कुणी लिहिलेला नाही. उद्या कुणी लिहायला बसलंच, तर ते आधी नांदेडला जातील, माझ्या बहिणीच्या घरी बसतील, तिच्या हातचा चहा पितील आणि ती सांगेल ते मान डोलवत ऐकून घेतील. म्हणून म्हटलं, त्याआधी आपणच लिहून टाकावं.

ज्यांना गोफ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मांडवाच्या आढ्याला एक लोखंडी कडी असते आणि कडीला आठ रंगीत पट्ट्या बांधलेल्या असतात. त्याखाली चौक आखायचा आणि चौकाच्या चार कोपऱ्यांवर चार जोड्या उभ्या करायच्या. प्रत्येकीच्या डाव्या हातात एका पट्टीचं टोक, उजव्या हातात टिपरी. गाणं सुरू झालं की समोरून येणारीच्या टिपरीवर टिपरी मारायची, एकीच्या पट्टीखालून जायचं, पुढचीच्या बाहेरून. वर वेणी पडत जाते. अर्धं गाणं झालं की तेच सगळं उलट्या पावलांनी करायचं, आणि गाणं संपताना आठही पट्ट्या पुन्हा सुट्या झाल्या पाहिजेत. याला उकल म्हणतात. विणणं कुणालाही शिकवता येतं, उकल येत नाही. एक बाई एकदा चुकली की वर गाठ बसते, आणि मग कितीही नाचा, ती सुटत नाही.

चौकाच्या बाहेर उभं राहून कधी वळायचं, कधी खालून जायचं हे जी ओरडून सांगते तिला पुकारेवाली म्हणतात. लोक म्हणतात, उंटावरून शेळ्या हाकायचं काम आहे. म्हणू देत. लातूरच्या संघाची पुकारेवाली मी आहे. नांदेडच्या संघाची माझी सख्खी थोरली बहीण. आमचं माहेर उदगीरकडचं, घर लिंगायत, त्यामुळे घरात मराठीच्या पोटात कानडी शब्द राहून गेलेले. आईला आम्ही अव्वा म्हणायचो आणि थोरल्या बहिणीला अक्का. साठी जवळ आली तरी मी तिला अक्काच म्हणते. भांडतानासुद्धा अक्काच म्हणावं लागतं, त्यामुळे भांडणाला म्हणावी तशी धार येत नाही.

गोफ आम्ही दोघी एकाच झाडाखाली शिकलो. तेलंगणातून लग्न होऊन आलेल्या एका शेजारणीनं तो आमच्या गावात आणला होता. तिकडे त्याला जड कोलाटम म्हणतात, जड म्हणजे वेणी. पंचमी जवळ आली की गावातल्या लेकी-सुना लिंबाच्या फांदीला जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या बांधायच्या. अक्का उंच, म्हणून तिला बाहेरची फेरी मिळायची. मी बुटकी, म्हणून मला कायम खालून जायला सांगायचे. माझं निम्मं बालपण अक्काच्या काखेखालून गेलं. बघणाऱ्या बायका म्हणायच्या, थोरली बघा कशी ताठ चालते. खालून जाणारीला किती वाकावं लागतं आणि तरी ठेका सोडता येत नाही, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

पुढे अक्काचं लग्न नांदेडला झालं. भावजी पाटबंधारे खात्यात, राहायला सरकारी घर, नळाला रोज पाणी. माझं लग्न लातूरला झालं, गंजगोलाईजवळच्या किराणा दुकानात. तिच्या वाट्याला गोदावरी आली आणि माझ्या वाट्याला टँकर. उन्हाळ्यात ती फोनवर सहज म्हणायची, "आज गोधड्या धुवायला काढल्या बघ समद्या." आमच्याकडे त्या वेळी भांडी राखेनं कोरडी घासायची वेळ आलेली असायची. ती मुद्दाम म्हणायची असं मी म्हणत नाही. पण गोधड्यांची बातमी देणं एवढं काय अडलं होतं?

आता इतिहासात नीट लिहिलं जावं अशी गोष्ट सांगते. गोफाचा संघ आधी मी काढला. दुकानाच्या मागच्या बोळातल्या बायकांना जमवून, शाळेच्या वऱ्हांड्यातल्या कडीला पट्ट्या बांधून, दिवाळीनंतरच्या रिकाम्या दुपारी मी त्यांना शिकवलं. अक्का माहेरपणाला जाताना लातूरला उतरली होती. तिनं कट्ट्यावर बसून सगळं पाहिलं, माझ्या हातची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि म्हणाली, "बरं करून राहिलीस गं." पुढच्या वर्षी नांदेडात तिचा संघ उभा. कानामागून आली नि तिखट झाली म्हणतात ते हेच. त्यात ती वयानं थोरली, त्यामुळे बघणाऱ्यांना वाटायचं की मीच तिचं पाहून केलं.

स्पर्धेची कल्पना मात्र तिची होती, हे कबूल करते. एक वर्ष नांदेडात, एक वर्ष लातुरात. पहिली स्पर्धा नांदेडच्या एका शाळेच्या पटांगणात झाली. परीक्षक म्हणून तिथले मुख्याध्यापक बसले होते. त्यांना गोफातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यांनी साड्या बघून गुण दिले. नांदेडच्या बायका एकसारख्या हिरव्या साड्या नेसल्या होत्या आणि आम्ही जिच्या तिच्या ठेवणीतल्या. बक्षिसाची स्टीलची घागर अक्काच्या कडेवर गेली. मी म्हटलं, कडी फार बुटकी बांधली होती, पट्ट्यांना झोल आला. त्यावर अक्का सगळ्यांसमोर म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." बायका हसल्या. कडी खरंच बुटकी होती.

मग हळूहळू गावं वाढत गेली. लोह्याच्या बायका टेम्पोत बसून यायला लागल्या. त्या येतानाच गाणी म्हणत यायच्या, आणि स्पर्धा सुरू व्हायच्या आत त्यांचा आवाज बसलेला असायचा. एका वर्षी किनवटकडच्या एका वसतिगृहाच्या मुली रेल्वेनं आल्या. अंगात शाळेचा गणवेश, पायात काही नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांना पुकारेवालीच नव्हती. कुणी ओरडत नव्हतं, कुणी शिट्टी मारत नव्हतं. एक मुलगी नाचता नाचता नुसती गुणगुणायची आणि आठही जणी वळायच्या. उकल झाली तेव्हा पट्ट्या अशा सुटल्या की आजच बांधल्यात असं वाटावं. मी आणि अक्का शेजारी बसलो होतो. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पुकाऱ्याबिगर नाचनं काय कामाचं?" अक्का म्हणाली. मी म्हटलं, "नायतर काय." आयुष्यात त्या एका दुपारी आम्हा बहिणींचं शंभर टक्के जमलं, आणि तेही दुसऱ्यांवर जळण्यात.

नंतर कॅसेटी गेल्या आणि डीजे आला. शाळेचं पटांगण जाऊन मंगल कार्यालय आलं. स्टेजमागच्या फलकावर इच्छुक उमेदवारांचे फोटो गोफापेक्षा मोठे दिसायला लागले. घागरीच्या जागी पैठणी आली. पैठणी एक आणि बायका नऊ, त्यामुळे जिंकलेल्या संघातच भांडणं व्हायची, म्हणून पैठणी बंद करून ट्रॉफी आणली. आता तर गोफ संपायच्या आत त्याचा रील फिरत असतो आणि हरलेलीला घरी पोचायच्या आधी नणंदेचा फोन येतो.

एवढ्या वर्षांत नियम पुष्कळ झाले, पण एका शब्दाचा निकाल कधी लागला नाही. तो शब्द म्हणजे खाली. मी पुकाऱ्यात "खाली" म्हटलं की माझ्या बायका समोरचीच्या पट्टीखालून जातात. सरळ आहे, खाली म्हणजे खाली. अक्काच्या संघाला सुरुवातीपासून देगलूरकडचा एक ढोलकीवाला साथीला होता. त्याच्या तोंडी तालातली खाली. शिवाय नांदेडच्या बोलीत उर्दू मुरलेली, तिथं खाली म्हणजे रिकामं. डबा खाली, खुर्ची खाली. त्यामुळे तिच्या संघात "खाली" म्हटलं की टिपरी मारायची नाही, पाय थांबवायचा आणि एक ठोका रिकामा जाऊ द्यायचा. पट्टीखालून जायला ती "वाक" म्हणते. मी रिकाम्या ठोक्याला "मुकं" म्हणते. एक शब्द ठरवून टाकू असं कितीदा बोलणं झालं, पण कुणाचा ठरवायचा यावरच गाडी अडायची.

मला एक मुलगी आहे. एकच. ती पोटात होती तेव्हाही मी शाळेच्या वऱ्हांड्यात पुकारा करत होते. चालायला लागल्यापासून ती टिपऱ्यांशी खेळली, पण मी तिला चौकात कधी घेतलं नाही. आधी अभ्यास, मग नाच, असा माझा खाक्या. वाटायचं, आपल्याच घरची आहे, कुठं जाते? बारावीनंतर तिला नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सगळे म्हणाले, बरं झालं, मावशी आहे तिथं. मीही हसून तेच म्हणत होते.

पहिल्या वर्षी ती वसतिगृहात राहिली आणि रविवारी मावशीकडे जेवायला जायला लागली. अक्काला दोन मुलगे, दोघेही बाहेरगावी, लेकीची हौस राहून गेलेली. पोरीचे फोन मला संध्याकाळी यायचे आणि त्यात मावशीच असायची. मावशीनं गव्हाची हुग्गी केली, मावशीनं केसांना तेल लावलं, मावशीनं कुर्त्याची बाही कमी करून दिली. हुग्गी मी काय करत नव्हते? मी केली की हिला तूप जास्त व्हायचं. दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या जेवणानं पोट बिघडलं म्हणून ती सामान घेऊन अक्काकडेच राहायला गेली. मला विचारलं, नाही असं नाही. पण विचारलं तेव्हा सामान रिक्षात होतं.

माय मरो पण मावशी जगो, असं आपल्याकडे म्हणतात. जिनं कुणी जोडली असेल ही म्हण, ती बाई नक्की मावशी असणार.

दिवाळीला घरी आली तेव्हा पोरीची भाषा बदललेली. "काय करतेस?" विचारलं तर म्हणे, "वाचून राहिले." यांना त्याचं कौतुक वाटलं, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना ते सांगत सुटले. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. जेवताना तिनं सांगितलं की ती मावशीच्या संघात उभी राहते आहे, बाहेरच्या फेरीला. माझी मुलगी माझ्यासारखी बुटकी नाही, यांच्यावर गेली आहे. अक्कानं तिला स्वतःची जागा दिली होती. मी म्हटलं, "छान." एवढंच म्हटलं. आणि ताट उचललं.

त्यानंतरच्या स्पर्धेत मी माझ्या संघाला पुकारा देत होते आणि माझी नजर समोर बसलेल्या नांदेडच्या बायकांत होती. पोरगी अक्काच्या शेजारी बसून तिच्या पदराला पिना लावत होती. नंतर त्यांची पाळी आली. खरं सांगते, पोरगी फार सुंदर नाचली. बायका मला म्हणाल्या, काय गुण घेतलेत हो तुमच्या मुलीनं, अगदी मावशीची चाल. मी जळले. दुसरा शब्द नाही. त्यांनी ट्रॉफी घेतली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, आणि मनात म्हणत होते की त्या ट्रॉफीचा कान तुटो.

शेवटच्या वर्षी मी पोरीला सांगितलं, यंदा माझ्याकडून उभी राहायचं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. उलट म्हणाली, "मम्मी, तू आधी कधी म्हणालीच नाहीस." ती सुट्टीच्या दिवशी बसनं लातूरला यायची, सराव करायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. अक्कानं तक्रार केली नाही. तिनं तक्रार केली असती तर मला जास्त आनंद झाला असता. सरावात सगळं ठीक होतं. पोरगी आपल्या जोडीदारणीकडे पाहून वळायची आणि मी खूश होते की हिनं माझे शब्द उचलले.

स्पर्धा त्या वर्षी लातुरात होती, आमच्या घरापासून जवळच्या कार्यालयात. वीण सुरेख पडली. उकल सुरू झाली आणि पोरीनं, नीट शिकलेल्या बाईनं बघावं तसं, वर वेणीकडे पाहिलं. जोडीदारणीकडे तिचं लक्ष नव्हतं. डीजेवर ढोलकीचा ठोका रिकामा पडला आणि नेमकं त्याच क्षणाला मी ओरडले, "खाली!" सातजणी पट्टीखालून गेल्या. माझी मुलगी टिपरी खाली सोडून ताठ उभी राहिली. समोरून येणारी तिच्यावर आदळली, मागची चुकीच्या बाजूनं गेली, आणि वर गाठ बसली. पुढे मी काय पुकारलं ते मला आठवत नाही. गाणं संपलं तेव्हा आठ पट्ट्यांचं एक बोचकं कडीखाली लटकत होतं आणि समोरच्या रांगेतल्या पोरांच्या हातात मोबाइल होते.

हरल्याचं मला तेवढं लागलं नाही. हरायची सवय आहे. पण "खाली" हा माझा शब्द, मी तिला अंगाखांद्यावर खेळवताना हजारदा म्हटलेला, आणि तो तिच्या कानात पडला तो अक्काचा होऊन. तिला विचार करायलाही वेळ नव्हता. पाय आपोआप थांबला, म्हणजे तो पाय आता नांदेडचा झाला होता.

कार्यालयवाल्यांना कडी मोकळी करून हवी होती. मी टिपऱ्या पिशवीत भरत होते. पाहते तर अक्का स्टुलावर चढलेली, नखांनी गाठ सोडवते आहे आणि पोरगी स्टूल धरून उभी. दोघी हसत होत्या. कशाला हसत होत्या कोण जाणे. मी पुढे गेले.

"हसायला काय झालं?"

"काई न्हाई गं," अक्का वरून म्हणाली. "तू खाली म्हन्लीस, पोरगी थांबली. थांबनारच की. आमच्यात खाली म्हंजे रिकामं."

"तुमच्यात म्हणजे कुणाच्यात? ती माझ्या संघात होती, अक्का. माझ्या पोटची आहे ती."

"मंग म्या कवा माझ्या पोटची म्हन्लं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? करून दाखवलंस की सगळं. जेवू घातलंस, तेल लावलंस, तुझी जागा दिलीस. आता राहिलंय काय माझ्याकडे? फी भरायची तेवढी राहिली."

अक्का पुन्हा गाठीला लागली. बोलली ती पोरगी. "मम्मी, चूक माझी झाली. दोडव्वाला कशाला बोलतेस?"

दोडव्वा. आमच्या माहेरी आईच्या थोरल्या बहिणीला दोडव्वा म्हणतात. दोड्ड म्हणजे मोठी, अव्वा म्हणजे आई. मी पोरीला मुद्दाम मावशी म्हणायला शिकवलं होतं. लोकांना सांगायचे, लातुरात कानडी कुणाला कळतं, मावशीच बरं. खरं कारण मला एकटीला माहीत होतं. आणि आता पोरीनं तो शब्द कुठून तरी शोधून आणला होता. मी कोण, तर मम्मी, शाळेनं लावलेली सवय. ती कोण, तर मोठी आई. मी पिशवी उचलली आणि घरी निघून आले. अक्का त्या दिवशी आमच्याकडे जेवायला न थांबता सरळ नांदेडला गेली, आणि पोरगी तिच्यासोबत गेली, कारण दुसऱ्या दिवशी तिचा पेपर होता.

नंतर आम्ही बहिणी बोललो नाही असं झालं नाही. लग्नं, बारशी, सणवार, बोलावंच लागतं. पोरीला पुण्याला नोकरी लागली. निघाली तेव्हा आम्ही दोघी बसस्टँडवर होतो. ती पाया पडली, आधी अक्काच्या, मग माझ्या. थोरलीच्या पाया आधी पडायचं ही रीतच आहे. मला रीत माहीत आहे.

यंदा स्पर्धा नांदेडला होती. गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरीचा फोन आला. "मम्मी, यंदा मला जमणार नाही. सुट्टीच नाही मिळत. वाईट वाटून घेऊ नकोस." वाईट वाटलंच. पण थोड्या वेळानं, डाळ निवडता निवडता, मला वेगळंच काहीतरी वाटायला लागलं. हे अक्काला माहीत नाही. या पोरीची एक तरी बातमी आपल्याला आधी कळली. मी ती बातमी लाडवासारखी पुरवून पुरवून खाल्ली. यांनाही सांगितली नाही, कारण हे लगेच भावजींना फोन करतात.

घटस्थापनेच्या सुमाराला अक्काचा फोन आला. स्पर्धेची तारीख, उतरायची सोय, सगळं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "आन् पोरगी औंदा कोनाकडून नाचनार गं?"

मला सांगता आलं असतं. पण तिच्या आवाजात मला आशा ऐकू आली, किंवा मला ती ऐकायची होती. मी म्हटलं, "माझ्याकडून. तसं म्हणाली ती मला."

अक्का जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं. चांगलं झालं."

फोन ठेवला आणि मी उभ्या उभ्या एक गिरकी घेतली. या वयात, स्वयंपाकघरात, हातात उलथनं घेऊन. ऐन वेळी सुट्टी रद्द झाली असं तिथं गेल्यावर सांगू, असं ठरवून टाकलं. तोवर तर तिच्या पोटात दुखू दे. माझं इतकी वर्षं दुखलं.

कोजागरीच्या आदल्या दिवशी आम्ही नांदेडला पोचलो. मी उत्तर तयार ठेवून उतरले होते. अक्कानं दारात आमच्या बायकांना पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं, माझ्या गुडघ्यांचं विचारलं. पोरगी कुठं आहे, हे विचारलं नाही. मला वाटलं, रागावली असेल. जेवताना विचारलं नाही. दुपारी कार्यालयात पट्ट्या बांधतानाही विचारलं नाही. माझ्या उत्तराचं ओझं व्हायला लागलं. जी बाई शेजारच्या घरात कुठली भाजी शिजते ते विचारल्याशिवाय राहत नाही, ती हे कशी विचारत नाही?

मग नांदेडचा संघ चौकात उतरला. बाहेरच्या फेरीला, पोरीच्या जागी, अक्काच्या शेजारची नवीन सून होती. वीण पडली आणि उकल सुरू झाली. त्या सुनेची नजर वर वेणीवर, पाय आपोआप चाललेले, रिकाम्या ठोक्याला अचूक थांबलेले. मी तिच्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर मी हेच शिकवलं आहे. उकल आठ-पंधरा दिवसांत कुणाच्या पायात उतरत नाही. घटस्थापनेला फोनवर माझं ऐकून अक्कानं ही बाई घेतली असती, तर ती अजून जोडीदारणीच्या पायांकडे बघून नाचली असती.

पहिलं बक्षीस लोह्याला गेलं. गर्दी पांगल्यावर मी त्या सुनेला गाठलं. म्हटलं, "छान नाचलीस गं. कधीपासून शिकायला लागलीस?"

"पोळ्याच्याबी आदीपासून, काकू," ती म्हणाली. "तुमची मुलगी यंदा येनार न्हाई म्हणून तिनं हिकडल्या काकूंना फोन केलता न्हवं का, तवापासून. मम्मीला मी सांगते, तिला वाईट वाटंल, तुमी आदी बोलू नका, असं म्हन्ली म्हणं."

पोळा आधी येतो आणि गौरी मागून. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अक्काला आधी कळलं होतं. आणि तरी घटस्थापनेला तिनं विचारलं होतं, पोरगी कोणाकडून नाचणार. मला कळलं आहे की नाही, एवढंच तिला बघायचं असणार. मी खोटं बोलले तेव्हा ती जरा थांबली, आणि मग मला जिंकू दिलं. तिच्याच हातून मिळालेल्या त्या विजयावर मी घरात गिरकी घेतली होती.

पलीकडे अक्का कडीच्या पट्ट्या सोडवून घड्या घालत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हातानं बोलावलं, चहा आलाय म्हणून. मी गेले, तिच्या शेजारी बसले, चहा घेतला. तिनं तेव्हाही काही विचारलं नाही. माझ्या चहात साखर कमी सांगायला मात्र विसरली नव्हती.

आता मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. पोरीनं तिला माझ्या किती दिवस आधी सांगितलं? विचारलं तर अक्का खरं सांगेल. म्हणून मी अजून विचारलेलं नाही.